वाटीभर खाल्लं तरी

साहेब निर्दोष होता, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं त्याला टोपलीत बसवलं, वर फडकं बांधलं आणि भावाच्या घरातून आपल्या घरी आणलं.

साहेब म्हणजे बोका. भाचीनं त्याचं हे नाव ठेवलं होतं, कारण तो दिवसभर घरातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसायचा, काम काडीचं करायचा नाही आणि कुणी उठवलं की डोळे वटारायचा. त्याच्यावर आरोप असा, की त्याच्या केसांमुळे ताईच्या धाकट्या भावाला दमा जडला. डॉक्टरीणबाईंनी संशय घेतला, भावानं मान डोलावली, भावजयीनं माळ्यावरची टोपली काढली आणि पोर जिन्यात बसून रडली. तेव्हा ताईच पुढे झाली. म्हणाली, "रडू नकोस. मी नेते त्याला. माझ्याकडे ये हवं तेव्हा खेळायला." सगळ्यांना वाटलं, काय मोठ्या मनाची बाई. मोठ्या मनाची कसली आलीय, चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि ही दोर धरून उभी होती.

आता चोर कोण, ते सांगायचं तर आधी ताईच्या कचेरीत जायला हवं.

खाण्याच्या वस्तूंत हल्ली काय काय घालतात, त्याला धरबंध नाही. रंग घालतात, वास घालतात, पातळ असेल ते घट्ट दिसावं म्हणून पुडी घालतात. या सगळ्या गोष्टी माणसाच्या पोटाला बाधतात की नाही, हे ठरवणारी ती कचेरी. तिथे ताईच्या वाट्याला डिंक आले होते. झाडाच्या सालीला चीर दिली की चीक पाझरतो आणि तिथेच वाळून खडा होतो, तो डिंक. तो दळून त्याची पूड करतात. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत, सॉस बाटलीतून भसकन ताटात पडू नये, ब्रेडचा दुसऱ्या दिवशी भुगा होऊ नये, ही सगळी त्या पुडीची करामत. कचेरीत ताईला सगळे 'डिंकवाल्या बाई' म्हणत. ती चिडायची नाही. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना तर 'उंदीरमामा' म्हणत, त्या मानानं तिचं बरं होतं. उंदरांना महिनोन्महिने डिंक चारून जे प्रयोग करतात, त्यांचे निकाल वाचायचं काम उंदीरमामांचं. उभ्या जन्मात त्यांनी उंदराला हात लावला नव्हता, घरात झुरळ निघालं तरी बायकोला हाक मारायचे. पण कुठल्या पिंजऱ्यातल्या उंदराचं पोट कधी बिघडलं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत.

कचेरीची एक रीत होती. तिथे एकच प्रश्न विचारायचा: हा पदार्थ माणसानं जन्मभर खाल्ला तर त्याला काही होईल का? संपलं. झाडाचं काय होतं, चीक काढणाऱ्याचं काय होतं, दळणाऱ्याचं काय होतं, असलं काही समोर आलं की अध्यक्षांचं वाक्य ठरलेलं, "ते आपल्या टेबलावरचं नाही." यात कामचुकारपणा नव्हता हं. अहो, जगातला प्रत्येक प्रश्न आपल्याच टेबलावर घेतला तर एकाही डिंकाचा निकाल लागायचा नाही. ज्याचं काम त्यानं करावं. ताईला ती रीत मनापासून पटली होती, आणि इतकी अंगवळणी पडली होती, की घरी नळ गळायला लागला तरी तिच्या तोंडात आधी तेच वाक्य यायचं.

त्यांतल्या ज्या डिंकाची ही गोष्ट, त्याची तपासणी ताईनं जिवाचं रान करून केली होती. जगभरातून आलेले शोधनिबंध वाचले, उंदीरमामांशी वाद घातले, माणसांना रोज चमचे चमचे डिंक पाजून पाहिलेलं होतं तेही तपासलं. त्या ढिगाऱ्यात एक निबंध वेगळाच होता. डिंकाच्या गिरणीत काम करणाऱ्या माणसांचा. हवेत उडणारी पूड नाकातोंडात जाऊन त्यांतल्या काहींचं नाक वाहायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले, पुढे पुढे छाती भरून शीळ वाजायला लागली. सुट्टीवर गेली की ही माणसं बरी व्हायची आणि कामावर आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ताईनं तो निबंध चहा पिता पिता वाचला. पूर्ण वाचला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली, की आपण तो नुसता चाळला होता.

"बिचारे," ती उंदीरमामांना म्हणाली, "पूड नाकात जाते हो यांच्या."

"नाकाचं टेबल वेगळं, बाई," उंदीरमामा म्हणाले. ताईनं तो निबंध बाजूच्या गठ्ठ्यात टाकला आणि बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला.

पुढे निकाल लागला. रोज किती डिंक खावा यावर मर्यादा घालायची गरज नाही, असा. एखाद्या पदार्थाला त्या कचेरीत याहून मोठी शाबासकी मिळत नाही. अध्यक्षांनी सगळ्यांना आइस्क्रीम मागवलं, त्यातही तोच डिंक होता, आणि त्यावरून दिवसभर विनोद चालले. निकाल बरोबर होता, आजही बरोबर आहे. तो डिंक खाऊन कुणाचं वाईट झालेलं नाही.

आता भाऊ. त्याला घरात टिल्लू म्हणत. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून. पुढे ताडमाड वाढला, दारातून वाकून जायला लागला, लग्न झालं, पोर झाली, तरी टिल्लू तो टिल्लूच राहिला. लहानपणी तो भारी हट्टी होता, औषध म्हटलं की दातखीळ बसायची. आई दमली, बाप ओरडून दमला. मग ताईनं युक्ती काढली. चमचा आधी आपण जिभेला लावायची, ओठ चाटायची आणि म्हणायची, "गोडंय." मग टिल्लू गिळायचा. औषध कडूजहर असायचं. पण ताईनं चाखलं म्हटल्यावर त्याचा प्रश्न मिटलेला असायचा. मोठेपणी तो मित्रांना सांगायचा, "माझी ताई आख्ख्या देशाचं खाणं आधी चाखते, मग लोक खातात." ताई म्हणायची, "चल, चहाटळ कुठला." पण आत कुठेतरी तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फारच आवडायचं.

टिल्लू माल पोचवायची गाडी चालवायचा. ती कंपनी बुडाली आणि तो घरी बसला. मग एके दिवशी दुपारी त्याचा ताईला कचेरीत फोन आला.

"ताई, तुझ्या डिंकाच्याच गिरणीत घेतायत. पोती भरायच्या यंत्राच्या तोंडाशी उभं राहायचंय. आत पाहून आलो, पूड उडते गं हवेत, धुकं पडल्यासारखं. काही होत नाही ना त्यानं?"

निकाल लागून फार दिवस झाले नव्हते. ताई अजून हवेतच होती. ती हसली आणि म्हणाली, "अरे, वाटीभर खाल्लंस तरी काही होणार नाही. मीच पास केलाय तो."

त्यानं विचारलं नाकाचं, हिनं सांगितलं पोटाचं. आणि गंमत बघा, फोन ठेवला तेव्हा आपण काही चुकीचं बोललो, हे तिच्या गावीही नव्हतं. इतकी वर्षं एकाच प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन तिला दुसरा प्रश्न ऐकूच येईनासा झाला होता.

टिल्लूनं मात्र तो शब्द जपून ठेवला. गिरणीत नाकाला बांधायच्या पट्ट्या देत, तो आपली खिळ्याला अडकवून ठेवायचा. शेजारी पोत्यांची तोंडं शिवणारा एक माणूस होता, त्याला सगळे शिलाईवाला म्हणत. तो बिचारा तोंडाला फडकं गुंडाळून काम करायचा. टिल्लूनं त्याची इतकी थट्टा केली, की त्यानंही फडकं सोडलं. "घाबरतोस काय लेका? माझ्या सख्ख्या बहिणीनं पास केलंय. वाटीभर खाल्लं तरी काही होत नाही." हे त्यानं जेवताना ताईला हसत हसत सांगितलं होतं, आणि ताईही हसली होती.

खोकला हळूहळू आला. आधी सर्दी म्हणाले, मग हवा बदलली म्हणाले. मग टिल्लू जिना चढून आला की दारात थांबून श्वास गोळा करायला लागला. ताई म्हणायची, "सिगारेट ओढतोस का चोरून?" तो शपथा घ्यायचा.

मग गिरणीतली यंत्रं दुरुस्तीला काढली आणि गिरणी बंद राहिली. ताई भावाकडे गेली तर टिल्लू जमिनीवर लोळत भाचीशी पत्ते खेळत होता आणि साहेब त्याच्या छातीवर पसरला होता. अख्ख्या दुपारात तो एकदाही खोकला नाही. "बघ, सुट्टी मानवली मला," तो म्हणाला. ताईच्या मनात पाल चुकचुकली. गिरणी सुरू झाली त्या दिवशी संध्याकाळी ती काही निमित्त काढून पुन्हा गेली. टिल्लू खिडकीत बसला होता, खांदे वर-खाली होत होते आणि छातीत बारीक शीळ वाजत होती. तो चहाबरोबर वाचलेला निबंध ताईच्या डोळ्यांपुढे सबंध उभा राहिला. सुट्टीवर गेली की बरी व्हायची. तिनं भावजयीनं दिलेला चहा तसाच ठेवला आणि डोकं दुखतंय सांगून घरी आली.

तेव्हा तरी बोलायचं होतं. ती बोलणारही होती. डॉक्टरांकडे जाऊ तेव्हा बोलू, असं तिनं ठरवलं, आणि मुद्दाम बरोबर गेली.

डॉक्टरीणबाई हुशार होत्या. छाती तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कामावर धूळ असते का?"

"धूळ नाही हो, खायची पूड आहे," टिल्लू म्हणाला. "ही माझी ताई. हिच्याच कचेरीनं तपासलीय. हिलाच विचारा ना."

डॉक्टरीणबाई ताईकडे वळल्या. टिल्लूही वळला, आणि त्याच्या तोंडावर तोच लहानपणचा चमच्यासमोरचा विश्वास. ताईच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण आता बोललं तर तो पहिला प्रश्न काय विचारणार, हे तिला माहीत होतं. तुला कधीपासून ठाऊक होतं, ताई?

"खायला सुरक्षित आहे," ती म्हणाली.

वाक्य शंभर नंबरी खरं. न्यायालयात नेलं असतं तरी टिकलं असतं. पहिल्यांदा ती नकळत चुकली होती, देवानंही माफ केलं असतं. या वेळी तिनं खरं वाक्य निवडून घेतलं आणि त्याच्या आड लपली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग घरातच शोधायला हवं. पाळीव प्राणी आहे का काही?"

असं साहेबावर बालंट आलं.

ताईचं घर एकटीचं. साहेबानं पहिल्याच दिवशी तिची वाचायची खुर्ची ताब्यात घेतली. ती कचेरीतून आली की तो एक डोळा उघडून बघायचा आणि पुन्हा मिटायचा. त्या बिचाऱ्या जनावराच्या मनात काही नव्हतं, पण खाई त्याला खवखवे. ती त्याच्या नजरेला नजर देईना. त्याच्यासाठी भारीतले डबाबंद मासे आणायला लागली, रोज त्याचं अंग विंचरायला लागली. त्या माशांच्या डब्यावरचा मजकूर तिनं सवयीनं वाचला तर त्यातल्या रश्शाच्या घट्टपणाला तोच डिंक. तिनं डबा तसाच ओट्यावर ठेवून दिला.

भाची शाळा सुटली की यायची, बोक्याच्या पोटात नाक खुपसून बसायची. एकदा म्हणाली, "आत्या, साहेबाचे केस बाबांच्या छातीतून कधी निघणार? आम्ही पडदेसुद्धा धुतले. आईनं गादी उन्हात टाकली. तरी ते खोकतात."

"निघतील," आत्या म्हणाली. पोरीशीसुद्धा खोटं बोलायला तिनं कमी केलं नाही. त्या दिवशी तिला स्वतःची किळस आली.

तोपर्यंत तिनं आडवाटेनं सगळं करून पाहिलं होतं. नाकाला बांधायच्या चांगल्या प्रतीच्या पट्ट्यांचं खोकंच टिल्लूकडे पाठवलं. त्याचा फोन आला, "अगं, या कशाला? तूच म्हणालीस वाटीभर खा, आणि तूच म्हणतेस नाक बांध. मी कुठल्या ताईचं ऐकू?" त्या पट्ट्या त्यानं घराला रंग देताना वापरल्या. मग ती अध्यक्षांकडे गेली. निकालाखाली एक ओळ घालू या म्हणाली, हुंगणाऱ्यांसाठी. अध्यक्ष भला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण बाई, तुम्हाला मी सांगायला हवं का?" नकोच होतं. कामगारांचं खातं निराळं होतं, तिथेही तिनं कळवलं. तिथून पोच आली, पाहतो म्हणून. सगळ्या जगाला सांगून झालं. एका टिल्लूला सोडून.

आणि मग टिल्लूचा आनंदानं फुटणारा फोन आला. म्हणजे फुटत होता तो आवाज, मधूनमधून दमही लागत होता. "ताई, मला भरणीच्या शेडचा मुकादम केलं. उद्यापासून. आता दिवसभर आतच, सगळ्यांवर नजर ठेवायची." मग म्हणाला, "परवा दुपारी जरा जास्तच धाप लागली होती, कामावर पडलो. तुला सांगू नको म्हणाली ही. दवाखान्यात वाफ दिली, झालं बरं. साहेबाचे केस अजून कुठेतरी असणार बघ घरात."

ताईनं फोन ठेवला. कोनाड्यातून टोपली काढली. साहेब खुर्चीतून हलायला तयार नव्हता, त्यानं तिच्या मनगटावर चांगला ओरखडा काढला. तिनं त्याला टोपलीत घातलं, फडकं बांधलं आणि बाहेर पडली. बोका परत न्यायचा म्हणजे का नेतोय ते सांगावंच लागणार, आता पळायला वाट नाही, असा तिनं स्वतःलाच पेच घातला होता. स्वतःवर तिचा तेवढाच विश्वास उरला होता.

दार टिल्लूनंच उघडलं. टोपलीतून आवाज आला तसा तो दोन पावलं मागे गेला.

"अगं, साहेब आहे का आत? मला मारायला निघालीस की काय?"

"साहेबानं काही केलेलं नाही," ताई म्हणाली.

"मग कुणी केलं?"

ताईनं टोपली खाली ठेवली. वाटेत तिनं पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. "ती पूड, टिल्लू. पोटात गेली तर काही करत नाही. नाकातून गेली की काही जणांची छाती धरते. तुझी धरलीय. उद्या त्या शेडमध्ये जाऊ नकोस. उद्या नको आणि कधीच नको."

टिल्लू हसायला गेला आणि त्याला खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाला, "पण तू तर म्हणालीस..."

"तू नाकाचं विचारलंस. मी पोटाचं सांगितलं."

स्वयंपाकघरातून भावजय हात पुसत आली आणि दारातच थांबली. भाचीनं तोवर फडकं सोडलं होतं. साहेब बाहेर आला, त्यानं घर ओळखलं आणि सरळ आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसला. टिल्लू त्याच्याकडे बघत राहिला. मग मोठ्या समजुतीनं म्हणाला, "असू दे गं. नवीन काही शोध लागला असेल आता. तुम्हा लोकांचं असंच असतं, आज एक उद्या एक. तुला तरी काय माहीत असणार?"

त्यानं स्वतःच्या हातानं तिला सुटकेचं दार उघडून दिलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं आणि चहा घेऊन घरी जायचं. काम तर झालंच होतं, तो उद्या शेडमध्ये जाणार नव्हता. ताईनं भाचीकडे पाहिलं. पोर बोक्याच्या मानेत तोंड घालून बसली होती.

"नवीन नाही," ताई म्हणाली. "जुनंच आहे. तू फोन केलास त्याच्या आधी मी ते वाचलं होतं. सगळं वाचलं होतं."

आत दूध उतू गेल्याचा वास आला, तरी भावजय हलली नाही.

"आणि डॉक्टरीणबाईंसमोर?" टिल्लूनं विचारलं.

"तेव्हा तर पुरतं माहीत होतं. तू मला हेच विचारशील म्हणून मी गप्प बसले."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ताई त्याचीच तयारी करून आली होती. तो भिंतीला टेकून खाली बसला, लांब पाय पसरून, श्वास मोजत असल्यासारखा. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "ते औषध कडू असायचं, हे मला तेव्हाही कळायचं. तुझं तोंडच वाकडं व्हायचं. मी प्यायचो, कारण आधी तू प्यायलेली असायचीस." मग वर बघून म्हणाला, "हे तू चाखलं नव्हतंस, ताई."

खरंच होतं ते. इतक्या वर्षांत ती त्या गिरणीच्या दारातसुद्धा गेली नव्हती.

टिल्लू भिंतीला धरून उठला. खुंटीवरचा सदरा काढून अंगात घालायला लागला.

"कुठे निघालास?" भावजयीनं विचारलं.

"शिलाईवाल्याकडे." तो बटणं लावत होता. "त्यालाही खोकला आहे आता. परवाच मला विचारत होता. मी म्हटलं, घरात मांजर आहे का तुझ्या? म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग शेजाऱ्यांचं येत असेल."

"मी येते," ताई म्हणाली. "मी सांगते त्याला. चूक माझी आहे."

"तुला तो ओळखत नाही," टिल्लू म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच ताईला सोसवेना. "फडकं मी सोडायला लावलं त्याला. वाटीभर खाल्लं तरी काही होत नाही, हे त्याला मी सांगितलंय."

ताई त्याच्या मागून दारापर्यंत गेली. तो जिना उतरायला लागला. लहानपणी पडला-झडला तर तो मागे वळून आधी ताईकडे बघायचा, मग ठरवायचा रडायचं की नाही ते. आज त्यानं मागे पाहिलं नाही. प्रत्येक वळणावर तो थांबत होता, खोकत होता आणि पुन्हा उतरत होता.

"आत्या," मागून भाची म्हणाली, "म्हणजे मी त्या दिवशी उगाचच रडले?"

"हो बाळा," ताई म्हणाली आणि खालचं दार वाजेपर्यंत तिथेच उभी राहिली.